पोटात कोणता महिना?

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सर्जरीच्या वॉर्डात नऊ नंबरच्या खाटेवर डोळे मिटून पडले होते आणि एक नवी सिस्टर एनिमाचं भांडं घेऊन त्यांच्या उशाशी उभी होती.

"कुशीवर व्हा," ती म्हणाली.

सर आज्ञाधारकपणे कुशीवर झाले. मग एक डोळा उघडून त्यांनी भांड्याकडे, नळीकडे आणि सिस्टरकडे या क्रमाने पाहिलं.

"मले नको देऊ वो माय. मी भुलीचा डॉक्टर हाय. हा खाटेवाला फिराले गेला, तो आला का त्याले दे. दोन दे पाह्यजे तं."

सिस्टरचा विश्वास बसेना. बसण्यासारखं काही नव्हतंच. अंगात ऑपरेशन थिएटरचा हिरवा पायजमा, त्याची नाडी गुडघ्यापर्यंत लोंबत होती. एका पायात निळी सपात, दुसऱ्यात पांढरी. बाजूच्या आठ नंबरवरचा म्हातारा पोटाचे टाके धरून हसत होता आणि हसताना दुखतं म्हणून कण्हत होता. सर त्याच्याकडे वळून म्हणाले, "हस, हस. हसताना किती दुखते ते सांग, तेवढ्यासाठीच झोपलो मी अथी."

मी चिपळूणहून वर्ध्याला भूलशास्त्र शिकायला आले होते. बॅग अजून खोलीवर टाकायची होती. नऊ नंबरवरून उठत सरांनी मला विचारलं, "कुठची?" मी सांगितलं. त्या दिवसापासून माझं नाव 'कोकण' पडलं. "ए कोकण, सुई आण." "कोकण कुठं गेली?" माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

खाटेवर झोपण्यामागे त्यांचा सिद्धांत होता. "उभ्या माणसाले झोपलेला माणूस खरं सांगत नाई. तू पांढरा कोट घालून वर उभी राह्यली का तो म्हणते, काईच दुखत नाई जी. तू बाजूले झोप, मंग पाह्य कसा भडभडा सांगते." म्हणून वॉर्डात रिकामी खाट दिसली की सर आडवे. खाट रिकामी नसेल तर जमिनीवर उकिडवे. एकदा त्यांना तिथेच झोप लागली आणि जेवणाच्या गाडीवाल्या मामांनी त्यांच्या पुढ्यात बिनमिठाची पेज ठेवली. सरांनी ती संपवली आणि विभागाच्या बैठकीत तक्रार केली की पेज पातळ होती.

त्यांच्याबद्दल असं कितीही लिहिता येईल. इतकी वर्षं लिहिलं नाही, कारण त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की चौथ्या-पाचव्या परिच्छेदात मी येते. आणि मी आले की गंमत संपते. तरी जरा लांबवते.

ज्यांना आतड्याच्या ऑपरेशनची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. पोट उघडून आतडं कापलं, जोडलं, की ते रुसून बसतं. दोन-तीन दिवस हलत नाही. ते पुन्हा चालू झालं हे कळायची खूण एकच, पेशंटचा वारा सरणे. सगळा वॉर्ड, नातेवाईक, सर्जन, सगळे त्या एका आवाजाची वाट पाहत असतात. बाकीचे डॉक्टर हे तोंडातल्या तोंडात विचारत. सर दारातूनच ओरडत, "आज कोणाचा नंबर लागला?" आणि नंबर लागला असेल तर खिशातलं वर्ध्याचं प्रसिद्ध बिस्किट, गोरसपाक, काढून पेशंटच्या नातेवाइकाला देत, जणू पोरगा पास झाला.

एका आजींना त्यांनी माझ्यासमोर विचारलं होतं, "काय आजी, वारा सरला का?"

आजींनी पदर तोंडावर घेतला. "काईबी इचारता साहेब! सून हाय ना अथी!"

"मंग सुनेले बाहेर धाडू का?"

"कायले?" आजी पदराआडून म्हणाल्या. "तिनंच तं आयकला."

सुनेने गोरसपाक घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ला.

सरांचा जीव होता एपिड्युरलवर. पाठीच्या मणक्यांमधून सुई घालायची, मज्जारज्जूच्या आवरणाला न भोसकता त्याच्या अलीकडे थांबायचं आणि दोऱ्याएवढी बारीक नळी तिथे सोडायची. मग तीन दिवस तिच्यातून औषध थेंबथेंब जातं आणि पोट कापलेला माणूस बसून चहा पितो. अवघड ते थांबणं. सिरिंजवर अंगठा ठेवून सुई पुढे सरकवत न्यायची. अंगठ्याला विरोध लागत राहतो, लागत राहतो, आणि एका क्षणी जातो. तो क्षण चुकला तर पंचाईत. हे शिकवायला सर बाजारातून लाल भोपळा आणत. तिकडे त्याला कोहळं म्हणतात. कोहळं निवडतानाही ते सालीत सुई टोचून पाहत. देवळीकडची एक भाजीवाली त्यांना ओळखून होती.

"भाजी कराची का सुई टोचाची?"

"सुई."

"मंग हे न्या. हे जुनं हाय, सालटं जाड हाय." तिला आमच्या विभागातल्या निम्म्या मुलांपेक्षा जास्त कळायचं.

सरांचा हात मी पाहिला आहे. गप्पा मारत मारत, दुसऱ्याच कोणालातरी शिव्या देत देत, त्यांचा अंगठा बरोबर जागी थांबायचा. मी पुढे परिषदांच्या निमित्ताने मोठमोठ्या शहरांत मोठमोठे हात पाहिले. तसा नाही.

याच सुमारास सोनोग्राफीवर पाहून द्यायचा नवा ब्लॉक आला. पोटाच्या भिंतीतल्या स्नायूंच्या दोन थरांमध्ये औषध सोडायचं. पाच मिनिटांचं काम, पाठीला हात लावायला नको. आमच्या सर्जनसाहेबांना तो फार आवडला. ते घाईचे गृहस्थ होते. थिएटरमध्ये हात धुऊन उभे राहत आणि म्हणत, "तुमची सुई जागा शोधेपर्यंत माझं आतडं जोडून होतं."

"जोडून होते, पण मंग दुखते कोणाले? तुमाले का?" सर म्हणत. "हा ब्लॉक म्हंजे घराच्या भिंतीले भूल देल्यासारखं हाय. आतमंधी माणूस बोंबलून राह्यला त्याचं काय?"

हे भांडण रोज चाले. शेवटी सर्जनसाहेब म्हणाले, अभ्यास करा, आकडे दाखवा. सर म्हणाले, करतो. आणि आकडे जर तुमच्या बाजूने आले तर मी सुई ठेवून देईन. हा अभ्यास माझा प्रबंध म्हणून माझ्या गळ्यात पडला. आतड्याच्या ऑपरेशनच्या पेशंटांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाला एपिड्युरल, एकाला ब्लॉक. मग दर सहा तासांनी विचारायचं, शून्य ते दहामध्ये किती दुखतं? पडून असताना किती आणि खोकताना किती?

पहिल्याच आठवड्यात कळलं की शून्य ते दहा ही पट्टी वर्धा जिल्ह्यात चालत नाही. कोणी म्हणे, "दहापैकी? पास व्हाले किती लागते?" कोणी म्हणे, "तुमी म्हणसान तेवढं." एका शेतकऱ्याने मला उलट विचारलं, "बाकीच्यायनं किती सांगतलं?" आणि तेवढेच सांगितले. सर वैतागून त्याच्या शेजारच्या खाटेवर आडवे झाले आणि छताकडे बघत त्यांनी विचारलं, "काकाजी, पोटात कोणता महिना चालू हाय?"

काका क्षणभरही थांबले नाहीत. "पडून राह्यलो तं फागुन. खोकलो का वैशाख."

सर उठून बसले. त्यांचा चेहरा मी विसरले नाही.

वर्ध्याचा उन्हाळा ज्याने अंगावर काढला आहे त्याला महिन्यांची पट्टी शिकवावी लागत नाही. पूस, आपला पौष, म्हणजे सकाळच्या उन्हात गोधडी घेऊन बसणं, काही त्रास नाही. माघ जरा चढता, फागुन चटका, चैत असह्य व्हायला लागतो, वैशाख भाजून काढतो, आणि शेवटी जेठातला नवतपा, जेव्हा कुत्रंही रस्ता ओलांडत नाही. शंभरातल्या शंभर माणसांना ही चढण सारखीच माहीत. सरांनी माझ्या पहिल्या फॉर्मच्या मागच्या बाजूला त्यांच्या मुंगीछाप अक्षरात किल्ली लिहून दिली, पूस शून्य, तिथून दोन-दोनने चढत जेठ दहा. संशोधनाच्या कमिटीकडून परवानगीही आणली. आणि मग पेशंट खरं बोलायला लागले. खाटांखाटांवरून उत्तरं यायची. "चैत जी." "पूस, मजेचा पूस." एक बाई डोळे पांढरे करून म्हणाली, "नवतपा! नवतपा लागला वो माय!" आणि सरांनी धावत जाऊन तिच्या नळीतलं औषध वाढवलं.

आता मी येते.

वर्षभराचे फॉर्म जमले. कॉम्प्युटरमध्ये भरायचे होते. मी महिन्यांची यादी आधीच तयार करून ठेवली, म्हणजे प्रत्येक वेळी नुसता महिना निवडायचा आणि त्याचा आकडा कॉम्प्युटर आपोआप धरणार. यादी मी केली तशीच, जशी शाळेत पाठ केली होती. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, तिथून फाल्गुनापर्यंत. त्यामुळे चैत्राचा झाला एक, वैशाखाचा दोन, नवतप्याचा तीन. आणि पौषाचा दहा.

म्हणजे जो माणूस आरामात पडला होता त्याचं दुखणं सर्वांत जास्त आणि जो तळमळत होता त्याचं सर्वांत कमी.

वर्ध्याच्या मुलीकडून ही चूक झाली नसती. वैशाखापुढे दोनचा आकडा दिसला असता तर तिच्या अंगावर घाम आला असता. आमच्या चिपळुणात वैशाख म्हणजे आंबे, फणस आणि आजोळची सुट्टी. दोन तर दोन. मला काही खटकलं नाही. सरांनी लिहून दिलेली किल्ली पहिल्या फॉर्मच्या मागे होती आणि तो फॉर्म गठ्ठ्याच्या तळाशी.

निकाल आला. पडून असताना फारसा फरक नाही. खोकताना ब्लॉक एपिड्युरलच्या कितीतरी पुढे.

विभागाच्या बैठकीत मी तो वाचून दाखवला. सर पहिल्या रांगेत होते. मला वाटलं होतं की ते ओरडतील, फॉर्म मागतील, एकेक पेशंटचं नाव घेऊन माझ्याशी भांडतील. त्यांनी काहीच मागितलं नाही. ते उठले, सर्जनसाहेबांकडे वळले आणि म्हणाले, "मी वीस वर्सं चुकीचं बोलून राह्यलतो. पोरीनं मेहनत केली, आकडे आणले. संपलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी एपिड्युरलच्या सुयांचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. संध्याकाळी बाजारातून कोहळं घेतलं आणि भाजीवालीला सांगितलं, "आज भाजीच."

आणि मग, हे लिहिताना अजून जड जातं, मग ते नव्या मुलांच्या रांगेत उभे राहून माझ्याकडून ब्लॉक शिकले. "शिकव वो कोकण. मले हा सोनोग्राफीचा काळा-पांढरा गोंधळ समजत नाई." पन्नाशी ओलांडलेला माणूस. सोनोग्राफीवर त्यांचा हात अवघडायचा. त्यांचं सगळं कौशल्य अंगठ्यात होतं आणि पडद्याला अंगठा कळत नव्हता.

निबंध भूलशास्त्राच्या एका नियतकालिकात छापून आला. माझं नाव पहिलं, सरांचं दुसरं. हॉस्पिटलने नियम केला, आतड्याच्या ऑपरेशनला ब्लॉकच. चूक माझ्या लक्षात आली ती सहा महिन्यांनी, जुने कागद आवरताना तो पहिला फॉर्म उलटा पडला तेव्हा. मी तो गठ्ठा बांधला आणि कपाटात टाकला. कोणाला सांगितलं नाही. आधी नोकरी कायम व्हायची होती. मग लग्न. मग मीच मुलांना शिकवायला लागले आणि आता सांगणं म्हणजे काय, असा प्रश्न पडला.

पण महिने वॉर्डातून गेले नाहीत. सिस्टरांना ती पद्धत इतकी आवडली की ड्युटी बदलतानाही त्या तेच सांगत, चार नंबर फागुन, सात नंबर माघ. पिपरीची एक भाजी पिकवणारी बाई आठवते. ऑपरेशन चांगलं झालं होतं, ब्लॉक मीच दिला होता. तिसऱ्या दिवशी ती खोकला येऊ नये म्हणून तोंडात पदराचा बोळा कोंबून बसली होती. मी सकाळच्या फेरीला गेले तेव्हा सिस्टर वाचत होती, "अकरा नंबर, वैशाख." मी तिच्या सलाइनमधून आणखी औषध दिलं. मी पुढच्या खाटेकडे गेले. पुढे जाणं मला छान जमतं.

सर निवृत्त झाले. बोरगाव मेघेला घर बांधलं, घरासमोर वांगी लावली. गेल्या वर्षी त्यांना आतड्यात गाठ निघाली.

ते भरती झाले आणि काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, डबा काढायच्या आत त्यांनी शेजारच्या दोन पेशंटांना 'वारा सरण्याचं महत्त्व' समजावून सांगितलं होतं. मी गेले. त्यांनी माझा हात धरला.

"कोकण, तूच भूल देजो. दुसऱ्याच्या हातचं मी घेत नाई. अन् ब्लॉक देजो. आपल्या अभ्यासात तेच आलतं ना?"

'आपल्या' म्हणाले.

"सर, तुमच्यासाठी एपिड्युरल बरं."

"काऊन?"

"काप मोठा घेणार आहेत. आणि तुमच्या छातीचा विचार करता..."

"माही छाती ठणठणीत हाय. तुले घालता येते का अजून? का विसरली?"

"येतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "बरं. सुई तुह्या हातात हाय. मी काय बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर थिएटरच्या टेबलावर पाय सोडून बसले. उशी पोटाशी धरून पाठ वाकवली. समोरून एका सिस्टरने त्यांचे खांदे धरले. मी मागे. त्यांची पाठ म्हाताऱ्या माणसाची झाली होती, मणके मोजता यावेत अशी. जागा बधिर केली. सुई आत घातली आणि सिरिंज लावली. अंगठ्याला विरोध लागत होता.

"थोडी वर कर," उशीतून आवाज आला.

"हो सर."

"आता सांग. खरं कारण काय? छाती-बिती नको सांगू."

"हलू नका सर."

"मी कायले हलू? सुई मले लागून राह्यली का तुले? सांग."

आणि मी सांगितलं. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बहुधा. यादी चैत्रापासून केली. पौषाचे दहा झाले. निकाल उलटा होता. तुमचं बरोबर होतं. मला नंतर कळलं आणि मी बोलले नाही. हे सगळं मी एका म्हाताऱ्या पाठीला सांगितलं, उजवा अंगठा सिरिंजवर तसाच ठेवून. समोरची सिस्टर छताकडे बघायला लागली.

उशीतून आवाज आला.

"चौदा वर्सं तुले टाइम नाई भेटला. माह्या पाठीत सुई घालून भेटला?"

"सर..."

"झालं सांगून?"

"हो."

"मंग ढकल पुढं. कंबर दुखून राह्यली."

मी ढकलली. अंगठ्याखालचा विरोध गेला. मी थांबले. नळी सरळ आत गेली. "बरोबर हाय," सर म्हणाले. ते त्या दिवशी माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सर खाटेवर बसून चहा पीत होते. मी गेले की डोळे मिटत. खोकून दाखवा म्हटलं तर खोकत, पण उत्तर बाजूच्या ज्युनिअर मुलाला देत. तिसऱ्या दिवशी त्यांचा वारा सरला. ही बातमी त्यांनी आठ नंबरला सांगितली, जेवणाच्या गाडीवाल्या मामांना सांगितली, फरशी पुसणाऱ्या बाईला सांगितली, फोन करून देवळीच्या मेव्हण्याला सांगितली. माझ्यापासून लपवली. मला ती केसपेपरवर वाचून कळली. इतका सरळ अपमान मला आयुष्यात कोणी केला नाही, आणि मला तक्रार करायला तोंड नव्हतं.

घरी जाताना मात्र व्हीलचेअर थांबवून म्हणाले, "गठ्ठा हाय का फेकला?"

"आहे."

"आण घरी. रविवारी."

तीन रविवार मी बोरगाव मेघेला गेले. सर दिवाणावर पोटाशी लोड धरून पडलेले, हातात फॉर्म, आणि एकेक महिना मोठ्याने वाचत. मी समोर लॅपटॉपवर, यावेळी यादी पुसापासून जेठापर्यंत. ते नुसता महिना वाचत नव्हते. "हा वायगावचा. खोकायच्या आधी देवाचं नाव घ्याचा. खोकताना, माघ." "ही बाई, नवऱ्याले शिव्या देत खोकली. चैत. शिव्यांचा चैत वेगळा, लिहू नको." काकू चहा आणून ठेवत आणि म्हणत, "कायले छळता तिले?" सर म्हणत, "तिनं मले छळलं तवा तू कुठं होती?"

तिसऱ्या रविवारी निकाल निघाला. खोकताना एपिड्युरल पुढे होतं, चांगलंच पुढे. सरांनी मूठ आपटली आणि "आई गं" म्हणून पोट धरलं. पण मी उरलेलंही वाचलं. एपिड्युरलवाल्यांचं ब्लड प्रेशर जास्त वेळा पडलं होतं. पहिल्या दिवशी उठून चालणारे ब्लॉकमध्ये जास्त. काही जणांची नळी सरकून बाहेर आली होती आणि तिने काहीच काम केलं नव्हतं. हे सगळं तेव्हाही फॉर्मवर होतं, मीच लिहिलेलं, पण महिन्यांच्या मोठ्या फरकाने कोणी तिकडे पाहिलंच नाही.

सर खट्टू झाले. "म्हंजे तो आतडं शिवणारा बी थोडा खरा होता."

"हो सर."

"त्याले सांगू नको," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "नाई, सांग. लिहाच लागते सगळं."

त्या नियतकालिकाला पत्र लिहायचं ठरलं. निबंधातला निष्कर्ष चुकीचा आहे, मागे घ्यावा, हे दुरुस्त आकडे. मी मसुदा करून नेला. सभ्य, छोटा, नीट मसुदा. त्यात लिहिलं होतं की आकडे भरताना अनवधानाने महिन्यांचा क्रम चुकला आणि ही बाब लेखिकेच्या नंतर लक्षात आली. सरांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मी त्यांच्या सहीसाठी पेन काढून ठेवलं होतं.

"महिने किती?" त्यांनी विचारलं.

"बारा."

"पट्टी कितीची?"

"दहाची."

"पूस दहावा. मंग माघ अकरावा, फागुन बारावा. मी तीन रविवार वाचून राह्यलो, या गठ्ठ्यात माघ-फागुन भरून पडले हायेत. छापलेल्या निबंधात दहाच्या वर एक आकडा नाई. कुठं गेले ते?"

काकू दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

वर मी लिहिलं आहे की चूक सहा महिन्यांनी लक्षात आली. सरांच्या पाठीलाही मी तेच सांगितलं होतं. ते खरं नाही. प्रबंध द्यायच्या दोन दिवस आधी, संख्याशास्त्राच्या मॅडमनी माझा कागद परत पाठवला होता. त्यातल्या सगळ्या अकरा आणि बारांभोवती लाल गोल होते आणि बाजूला लिहिलं होतं, हे कसे? मी तो कागद घेऊन कँटीनमध्ये बसले. भरदुपार होती, मे महिना, पंखा गरम हवा ढवळत होता. पाच मिनिटांत मला सगळं कळलं. यादी नव्याने केली असती, हिशेब, तक्ते आणि प्रबंधाचा निष्कर्ष नव्याने लिहिला असता, तर आठ दिवस लागले असते. तारीख परवाची होती. तारीख चुकली की परीक्षा सहा महिने पुढे. मी चहा संपवला, वर गेले आणि प्रत्येक अकरा आणि प्रत्येक बाराच्या जागी दहा केला. मग मॅडमना निरोप दिला, टायपिंगची चूक होती.

हे मी सरांना सांगितलं. या वेळी ते समोर होते.

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. देतील म्हणून मी वाट पाहत होते, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लोड पोटाशी घट्ट धरून ते खिडकीबाहेर वांग्यांकडे बघत बसले.

"मले माफी-बिफी मागू नको," शेवटी ते म्हणाले. "मी तं तुह्या हातून एपिड्युरल घेऊन मजेत झोपलो. ज्यायनं तोंडात बोळे कोंबले, त्यायचे पत्ते हायेत का तुह्यापाशी?"

माझ्यापाशी नव्हते. वॉर्डाच्या रजिस्टरात असतील, पण तेवढ्यांना शोधून काय सांगणार होते मी?

"माहं बी चुकलंच," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "माह्याच पेशंटायचे फॉर्म होते. त्या दिवशी मागाले पाह्यजे होते. पण तू आकडे आणले अन् मी भुललो. हरण्यात बी एक शान असते ना, ते दाखवत बसलो."

मग त्यांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि 'अनवधानाने' या शब्दावर बोट ठेवलं.

"हा काढ."

मी लॅपटॉप उघडला आणि तो शब्द खोडला. वाक्यात भोक पडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या जागी काय लिहायचं, हे ते सांगतील म्हणून थांबले. आयुष्यभर त्यांनीच सांगितलं होतं, सुई कुठे, किती, कधी थांबायचं. सरांनी पेन उचललं आणि सही करायला तयार होऊन बसले.

ते मलाच लिहावं लागलं.